आय नसलेलं मशीन

मला मे महिना आवडत नाही. आमरस आवडतो, केजच्या बाजारातली कलिंगडांची रास आवडते, माहेरच्या गच्चीवर पाणी मारल्यावर येणारा तो गरम वास आवडतो. पण मे महिना नाही. या महिन्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसात नव्या पोरापोरींची खेप येते. कडक इस्त्रीचे शर्ट, गळ्यात चकचकीत ओळखपत्रं आणि दिवसभर 'मॅम, मॅम' करत मागं फिरणं. त्यांच्यावर माझा राग नाही. गुणी पोरं असतात बिचारी. पण त्या कोऱ्या चेहऱ्यांत मी दरवर्षी एक चेहरा शोधते, आणि तो तिथं असायचं काही कारण नसतं हे ठाऊक असूनही तो दिसला नाही की माझं डोकं फिरतं. मग मी कॉफीच्या मशीनवर चिडते, लिफ्टवर चिडते, घरी गेल्यावर भाजीवर चिडते. नवरा आता विचारतही नाही. मे आहे, एवढं त्याला पुरतं.

आमचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यानं बनवलेलं आपण मोडून बघायचं, असं मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "ह्याचे पैसे देतेत व्हय लोक?" देतात. आणि हे मोडून बघायचं कामही आता माणूस हातानं करत नाही. त्यासाठी लहान लहान प्रोग्राम लिहून ठेवलेले असतात, त्यांना स्क्रिप्ट म्हणायचं. घरी जाताना स्क्रिप्ट चालू करायची, सकाळी येऊन कुठं 'पास' आलं आणि कुठं 'फेल' आलं ते बघायचं.

यंदा माझ्या हाताखाली रेवा नावाची मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप उचलून माझ्या टेबलापाशी उभी. "मॅम, ही स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर चालते, माझ्या मशीनवर चालत नाही. माझं काय चुकतंय?"

तिच्या लॅपटॉपकडं नुसतं बघून मी म्हटलं, "त्यात सेड असेल."

"हो."

"आणि सेडच्या पुढं आय."

"मॅम! तुम्हाला न बघता कसं कळलं?"

कसं कळलं म्हणे! बाई, माझ्या जन्माला पुरलंय ते.

सेड ही एक साधी आज्ञा आहे. फाईल न उघडता तिच्यातला एखादा शब्द बदलायचा असेल तर सेड. पण नुसतं सेड म्हटलं तर ते बदललेला मजकूर पडद्यावर दाखवतं आणि मूळ फाईलीला हात लावत नाही. फाईलीतच, जागच्या जागी बदल हवा असेल तर पुढं एक आडवी रेघ आणि इंग्रजीतला आय लावायचा. अंगातला ब्लाऊज अंगात ठेवूनच शिवून घ्यायचा, तसलं हे काम. सोयीचं असतं, आणि टोचलं तर आपल्यालाच टोचतं. आता गंमत अशी की हा आय सगळ्या मशीनांवर सारखा नाही. लिनक्स नावाच्या प्रणालीवर नुसता लावला तरी चालतो. रेवाच्या मॅकवर त्याला पुढं सांगावं लागतं की जुनी प्रत कुठल्या नावानं जपून ठेवू. ठेवायची नसली तर तेही सांगावं लागतं, रिकामी अवतरणचिन्हं देऊन. आणि जुन्या युनिक्सवर तर हा आय नव्हताच.

रेवानं तिथंच उभ्या उभ्या नेटवर शोधलं, दोन अवतरणचिन्हं घातली, स्क्रिप्ट चालली. माझा चहा निवायच्या आत झालं सगळं. हसली आणि म्हणाली, "किती सिली असतं ना मॅम, काहीकाही!"

मी म्हटलं, हो, सिली. मग उठून वॉशरूममध्ये गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले.

कॉलेजात असताना परळीत मंदा आणि मी एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरामागच्या खोलीत राहायचो. मी केजची, आमचं तिथं भांड्यांचं दुकान. मंदा नांदूरघाटची. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते उन्हं तापल्यावर परत यायचे, आणि ती चुलत्याकडं राहून शिकलेली. आमची गाठ कॉलेजच्या पहिल्या दिवशी पडली. दोघींच्याही अंगावर एकाच दुकानातून घेतलेला एकाच छापाचा ड्रेस होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आता आपल्याला बहिणी म्हणतेत बघ लोक." म्हणायलाही लागले. कॉम्प्युटरची पदवी घ्यायला आलो होतो आणि कॉम्प्युटर दोघींनीही तोवर फक्त लांबून पाहिलेला.

परळी म्हटलं की मला आधी देऊळ आठवत नाही, राख आठवते. थर्मल वीजकेंद्राची राख. दोरीवर वाळत घातलेली पांढरी ओढणी दुपारपर्यंत करडी व्हायची. दह्यावर झाकण, माठावर झाकण, पुस्तकांवर वर्तमानपत्र. कीबोर्डच्या खाचांतून ती बसलेली असायची आणि बटण दाबलं की बारीक कुरकुर लागायची बोटाला. मंदा म्हणायची, "शैले, ही राख खाऊन खाऊन एक दिस आपल्या पोटात बल्ब पेटंल." आणि जिथं वीज तयार होते तिथून जीपनं केजला जावं, तर आमच्या दुकानात माझे वडील, आप्पा, कंदिलाची काच पुसत बसलेले. ही कसली व्यवस्था, असं मी तेव्हा विचारायचे. आता विचारत नाही, आता मी त्याच व्यवस्थेतून पगार घेते.

ते दिवसच असले होते. देशाची दारं उघडली, उघडली, असं पेपरात रोज छापून यायचं. आमच्याकडं ती दारं म्हणजे एसटीडी बूथच्या पिवळ्या काचा, पानटपरीवरचा थंड बाटल्यांचा लाल फ्रिज आणि गल्लोगल्ली 'कॉम्प्युटर'. लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या पाटीवर कॉम्प्युटराइज्ड, चष्मेवाल्याच्या पाटीवर कॉम्प्युटराइज्ड, कुंडलीवाल्याच्या पाटीवर कॉम्प्युटराइज्ड. एका सलूनवाल्यानंही ते लिहून घेतलं होतं. आत दोन खुर्च्या आणि एक रेडिओ. आमचं कॉलेज सरकीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. पायऱ्या चढताना सरकीचा खमंग वास यायचा आणि वर लॅबच्या दाराशी चपला काढायच्या. देवळात काढतात तशा नव्हे, धाकानं. मशीनला धूळ चालत नाही म्हणून. राख मात्र खिडकीतून बिनदिक्कत यायची, तिला कोण चपला काढायला सांगणार!

लॅबमध्ये दोन तऱ्हेची मशीनं होती. खिडकीकडच्या रांगेत नवी, त्यांवर लॅबच्या सरांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलेलं. आम्ही वर्षभर त्यांच्यावरच शिकलो. आणि कोपऱ्यात एक जुनं धूड होतं, एका बंद पडलेल्या पतसंस्थेतून आणलेलं, त्याला जोडलेले चार हिरव्या अक्षरांचे पडदे. त्यावर जुनं युनिक्स. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्यावर पलंगपोस घातलेला असायचा, आणि खंडेनवमीला पलंगपोस काढून हळदकुंकू, झेंडूचा हार, पेढा. वर्षातून एकदा पूजा करून घेण्यापलीकडं त्याला काम नव्हतं. कॉलेजला मान्यता द्यायला कमिटी आली तेव्हा मात्र ते चालू करून दाखवलं होतं म्हणे.

सेड शिकवायच्या दिवशी लॅबचे सर म्हणाले, "फाईलीत बदल करायचा असला तर सेडला आय लावायची विसरू नका." अख्खा वर्ग फिसकन हसला. आमच्याकडं आईला आय म्हणतात. सरांच्या ते ध्यानात आलं तसे ते स्वतःही हसले. मंदा मागच्या बाकावरून म्हणाली, "बरोबर हाय की सर. घरात आय नसली तर काय बी जागच्या जागी व्हत न्हाई. नुसती बडबड व्हती." पुढं वर्षभर आमच्यात तेच चाललं. कुणाची स्क्रिप्ट अडली की पोरं ओरडायची, "आयला विसरलास का बे?" आणि ती शिवी आहे की सल्ला हे कळायचं नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक प्रोग्राम करायचा होता, आणि तो तपासणारी स्क्रिप्टही स्वतःच लिहायची होती. मंदानं परळी स्टँडवरच्या गाड्यांचं वेळापत्रक केलं. गावाचं नाव टाका, प्रोग्राम गाडी सांगणार. थांब्यांच्या नावांची एक फाईल, एका ओळीत एक थांबा. साधं होतं, पण उपयोगाचं होतं. माझा प्रोग्राम ग्रंथालयाचा होता, वर्गात निम्म्या जणांचा तोच होता, आणि त्याची आठवण ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

आता आपण काय म्हणतो? परळी. तिकीट काढताना परळी, पत्ता सांगताना परळी. पण सरांनी सांगितलं, परीक्षेत गावाचं सरकारी नाव पाहिजे, परळी वैजनाथ. मंदानं फाईल उघडून हातानं बदलायचा कंटाळा केला आणि तपासणीच्या स्क्रिप्टमध्येच पहिली ओळ टाकली, सेडला आय लावून: जिथं परळी असेल तिथं परळी वैजनाथ कर. मग प्रोग्राम चालव, गाडी सापडली तर 'पास' छाप, नाही तर मोठ्या अक्षरांत 'फेल'. पहिल्यांदा चालवली, पास. दुसऱ्यांदा चालवली, फेल. फाईल उघडून बघितली तर परळी वैजनाथ वैजनाथ. आय लावल्यावर बदल फाईलीत कायमचा होतो ना, मग पुढच्या खेपेला त्या बदललेल्या नावातली परळी पुन्हा सापडते आणि तिला पुन्हा एक वैजनाथ चिकटतो. हे ध्यानात येईपर्यंत तिनं ती स्क्रिप्ट इतक्यांदा चालवली होती की ओळ पडद्याच्या बाहेर गेली. वैजनाथ वैजनाथ वैजनाथ. लॅबचे सर मागून बघत होते. कपाळावर भस्माचे पट्टे, सोमवारचा उपास. हात जोडून म्हणाले, "मंदे, हा प्रोग्राम हाय का जप?"

आम्ही पोट धरून हसलो. मंदाही हसली, पण हसता हसता खाली बसून तिनं तोड काढली. ओळ परळीवरच संपत असेल तरच वैजनाथ जोडायचा. मग कितीदाही चालवा, एकच वैजनाथ. ती अशी होती. तिला हसायला आलेलं असतानाही तिचं डोकं चालू असायचं.

म्हणून तर पुण्याच्या कंपनीचे लोक मुलाखतीला आले तेव्हा त्यांनी तिला सगळ्यांत आधी निवडलं. मला नंतर निवडलं, आणि मला वाटतं थोडं तिच्याशेजारी बसले होते म्हणून. त्यांनी तिला विचारलं, नवं सॉफ्टवेअर हातात दिलं तर तू आधी काय करशील? ती म्हणाली, "सर, आधी बघणार का हे कुठं मोडतंय. चालतंय ते तर बनवणाऱ्यानं बघितलेलंच असतंय." ते एकमेकांकडं बघून हसले. चांगलं हसले. पत्र मिळालं, त्यात एक अट होती: सगळे विषय पहिल्याच प्रयत्नात पास पाहिजेत. एकही राहिला तर नोकरी नाही. मंदानं पत्र नांदूरघाटला नेऊन दाखवलं. तिच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ते नुसतं हातात धरलं आणि विचारलं, "पुण्याला म्हंजी कायमचं?" ती म्हणाली, हां. पुढच्या हंगामाला जोडीनं जायचं का नाही ते मग आपण ठरवू, असं तिची आई चुलीपाशी बसून म्हणाली होती. म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना कळलं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; एका पोरीच्या प्रॅक्टिकलवर आता एका कोयत्याचं भवितव्य होतं.

आणि त्या वर्षी परीक्षेला बसणारी पोरं वाढली. खिडकीकडची मशीनं पुरेनात. म्हणून कोपऱ्यातल्या त्या धुडावरचा पलंगपोस काढला. आडनावाच्या अक्षरावरून जागा लागल्या. माझं आडनाव खिडकीकडं गेलं, मंदाचं कोपऱ्यात. एवढंच. यात कुणाची हुशारी नाही, कुणाचा आळस नाही. मला आजही कुणी नशीब, नशीब म्हणून सांगायला लागलं की चीड येते. ह्याला नशीब म्हणत नाहीत. ह्याला मशीनं पुरेशी न घेता फी पुरेपूर घेणं म्हणतात.

बाहेरून परीक्षक आले होते. मोठ्या शहराकडचे. त्यांनी टाय लावला होता, मे महिन्यात, परळीत, पंखा बंद असताना. प्रत्येकाची फ्लॉपी मशीनमध्ये टाकली, फाईली उतरवल्या, आणि फ्लॉप्या पाकिटात घालून पाकीट चिकटवून स्वतःजवळ ठेवलं. कॉपी होऊ नये म्हणून. मी माझं आटपून बसले होते आणि तिथून मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

मंदानं स्क्रिप्ट चालवली. हिरवी अक्षरं आली. इल्लीगल ऑप्शन, आय.

तिनं कीबोर्डवरून हात उचलले. चटका बसल्यासारखे. आमच्या केज-परळी रस्त्यावर इल्लीगल हा शब्द एकाच कामाचा होता. जास्तीचे पॅसेंजर कोंबलेली जीप पोलिसांनी अडवली की ड्रायव्हर मागं वळून म्हणायचा, "इल्लीगल हाय, उतरा." इल्लीगल म्हणजे गुन्हा, दंड, खाली उतरणं. ती कावरीबावरी होऊन इकडंतिकडं बघायला लागली, कुणी बघितलं का म्हणून.

परीक्षक आले. पडदा वाचला. म्हणाले, "काय इल्लीगल केलंस?"

"काय न्हाई केलं सर. त्या मशीनवर चालतंय, हितं न्हाई चालत."

"चालतंय की नाही चालत? एक काहीतरी सांग. आणि 'न्हाई' नाही, 'नाही' म्हण."

"नाही सर. म्हणजे चालतंय सर. तिकडं आय हाय, हितं आय न्हाई."

दोन-तीन पोरं हसली. भीतीच्या वेळी पोरांना हसू येतं, त्यांना बोल नाही. पण परीक्षकाला ते हसू आपल्यावर आलंय असं वाटलं. त्याचा चेहरा उतरला, मग चढला. आणि आमचे लॅबचे सर? ते दाराशी उभे होते. त्यांना ठाऊक असणार की त्या जुन्या मशीनवर सेडला आय नाही. की ठाऊक नव्हतं? त्या मशीनची पूजा तेच करायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडातून अक्षर निघालं नाही.

परीक्षक म्हणाला, "आय नाही तर नाही. सेडचं आऊटपुट बाण देऊन त्याच फाईलीत वळव की. एवढंही शिकवलं नाही तुम्हाला?"

परीक्षकानं सांगितलं. आता परीक्षकानं सांगितल्यावर कोण नाही म्हणतं? मी म्हटलं नसतं. तिनं आय काढला, ओळीच्या शेवटी बाणाची खूण दिली, पुढं त्याच फाईलीचं नाव. एंटर.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना आता कळलंच असेल. बाण दिला की मशीन आधी ती फाईल रिकामी करून ठेवतं, नवं लिहायला जागा व्हावी म्हणून, आणि मग सेडला सांगतं, चल, वाच. भांडं आधी पालथं करून विसळून घ्यायचं आणि मग त्यातलं दूध शोधायचं. सेडनं रिकामी फाईल वाचली, रिकाम्यात काही बदललं नाही, आणि रिकामी फाईल परत दिली. परळी गेली, वैजनाथ गेला, केज गेलं, नांदूरघाट गेलं. कुठल्याच गावाला गाडी नाही. आणि मंदानंच लिहिलेल्या त्या प्रामाणिक स्क्रिप्टनं पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत छापलं: फेल.

"बघ," परीक्षक म्हणाला, "तुझाच प्रोग्राम सांगतोय."

तिनं फ्लॉपी मागितली. पाकीट बंद झालंय, नियमात बसत नाही. ती म्हणाली, "सर, यकदाच." तो पुढच्या पडद्याकडं गेला.

मी उठून उभी राहिले. "सर, तिचं कालपर्यंत चालत होतं, आम्ही सगळ्यांनी बघितलंय." त्यानं मला विचारलं, तुझं झालं ना? मग बाहेर जा. मी बाहेर जिन्यात सरकीच्या वासात उभी राहिले. मंदा आली ती चपला हातात घेऊनच खाली उतरली, पायात घालायचं तिला सुचलं नाही. खोलीवर पोचेपर्यंत तापल्या डांबरावरून तशीच चालली. मी सांगितलं तेव्हा तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "भाजतंय व्हय? मला कळलंच न्हाई."

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, प्रॅक्टिकल राहिलं. मी कंपनीला फोन लावला, एसटीडीच्या त्या पिवळ्या काचेत घाम पुसत. फोनवरच्या बाई फार गोड बोलल्या. "वी फील व्हेरी सॉरी, पण फर्स्ट अटेम्प्ट मस्ट आहे." हिवाळ्याच्या परीक्षेत मंदा पास झाली. खिडकीकडच्या मशीनवर. तोपर्यंत ती बॅच भरली होती, आणि दसराही होऊन गेला होता. त्या हंगामाला तिचं लग्न लावून जोडी ऊसतोडीला पाठवली. मी तेव्हा पुण्यात 'आहे' म्हणायला शिकत होते.

त्याचंही सांगते. पहिल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये "बग हाय" म्हटलं आणि सगळे हसले. मग मी माझं बोलणं दुरुस्त करत गेले. हायच्या जागी आहे, लईच्या जागी खूप, कावूनच्या जागी का. जागच्या जागी, आणि जुनी प्रत न ठेवता. आता केजला गेले की आप्पा ऐकत राहतात आणि आईला विचारतात, "ही आपलीच हाय ना गं?" मी तसं बोलायला जाते तर नाटकातल्यासारखं वाटतं. गेलं ते गेलं. मला त्याचं दुःख कमी आणि राग जास्त आहे, कारण ते कुणी जबरदस्तीनं केलेलं नाही, आणि तरीही मला विचारून केलेलं नाही.

मंदा आता परळीतच असते. चार-पाच हंगाम नवऱ्याबरोबर ऊस तोडला, मग नवऱ्याची पाठ गेली. आता ती थर्मलच्या कंत्राटी कामगारांना डबे देते. हाताला चव आहे, नाव झालंय. गेल्या दिवाळीत मी गेले होते. तिच्या पोराचा शाळेचा कसलासा अर्ज मोबाईलवर भरायचा होता. तिनं फोन पदरात गुंडाळल्यासारखा धरला होता आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारत होती. मी म्हटलं, अगं मंदे, तू भर की, तुला काय अवघड? ती हसली. "मला न्हाई जमत बाई ते. तुमची डोकी येगळी." तुमची! दुकानदारानं पोराच्या नावात चूक केली, ती मी दुरुस्त केली, आणि तिनं गरम भाकरी ताटात वाढली.

रेवाचं ते 'सिली' झालं त्याच दिवशी मी मंदाला फोन केला. डोक्यात नुसती खदखद होती, दुसऱ्या कुणाला सांगून कळलं नसतं. रेवाची गोष्ट सांगितली. आय कसा प्रत्येक मशीनवर वेगळा असतो, जुन्या युनिक्सवर कसा नव्हताच, आणि तो बाण देऊन त्याच फाईलीत वळवायला सांगणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, हे सगळं. इतक्या वर्षांत हे तिला कुठून ना कुठून कळलंच असेल असं मी धरून चालले होते. आमच्या धंद्यात तर हे पहिल्या वर्षाचं पोर सांगतं. त्या टायवाल्याला आम्ही दोघी मिळून चार शिव्या देऊ, हसू, असं मला वाटलं होतं. मी सांगत सुटले.

मग ती म्हणाली, "म्हंजी माझं चुकलं नव्हतं?"

"नाही गं. कधीच नव्हतं. तुझी स्क्रिप्ट बरोबर होती, मशीन वेगळं होतं, आणि त्या माणसाला काही येत नव्हतं."

कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला नाही. दुसरी शिट्टी झाली.

"कावून सांगितलंस मला हे?"

"अगं, तुला बरं वाटावं..."

"बरं?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "शैले, इतकी वर्सं मला वाटलं मला येत नव्हतं. येत न्हाई म्हणल्यावर माणूस गप बसतंय, मुकाट उसात जातंय, भाकरी थापतंय. कुणावर राग धरायचा? आन् आज तू म्हणतीस मला येत हुतं. आता मी काय करू?"

तिनं फोन ठेवला नाही, मलाही ठेवता येईना. तिच्या दारात कुणीतरी "मावशी, डबा" म्हणून हाका मारत होतं, आणि ती ओ देत नव्हती.